दहा ते दोनच्या खोल्या

दीप्ती रात्रीची उपाशी झोपते, हे मंगलच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हतं. एक-दोन दिवसांची गोष्ट असती तर तिनं मनावर घेतलं नसतं. पण नोव्हेंबर संपत आला तेव्हापासून हे चाललं होतं. त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. जैनाघरचा जुना नेम. दीप्तीनं तो बेळगावात होस्टेलवर राहून शिकतानाही मोडला नव्हता. आता मात्र ती कामावरून घरी पोचायची तेव्हा साडेसहा वाजून गेलेले असत, आणि डिसेंबरातला सूर्य काही कुणाच्या नोकरीसाठी थांबत नाही. दुपारचा डबा दुपारी संपायचा. मंगलनं संध्याकाळचा वेगळा डबा भरून दिला, तर तो तसाच्या तसा परत आला.

"पाच वाजता चार घास खायला काय होतं तुला?"

"पाच वाजता मी डोकी मोजत असते, आई."

एवढंच बोलून ती पाणी प्यायची आणि आत जाऊन पडायची. एकोणतीस वर्षांची मुलगी. गळ्याखालची हाडं दिसायला लागली होती. शेजारच्या गुणाबाई रोज विचारायच्या, "पोरगी वाळली गं तुझी. काय दुखणं-बिखणं?" मंगल म्हणायची, "दुखणं न्हाय हो, नोकरी." आणि मग तिला वाटायचं, आपण काही वेगळं सांगितलं का?

दीप्तीची नोकरी लोकांना समजावून सांगणं म्हणजे एक व्यापच होता. निपाणीबाहेरच्या माळावर विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथं ती कामाला होती. शिकवायला नव्हे. हिशेबाला नव्हे. कुठला वर्ग, किती वाजता, कुठल्या खोलीत बसायचा, हे ठरवणं तिचं काम. कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा कागद.

"म्हंजे थेटरात बॅटरी दावून जागा दावतात, तसं?" गुणाबाईंनी एकदा विचारलं होतं.

मंगलला तेव्हा हसू आलं होतं. पण बॅटरी दाखवण्याइतकं सोपं ते नव्हतं, हे तिनं चार वर्षं डोळ्यांनी बघितलेलं. जून आला की दीप्ती वेळापत्रकाला बसायची, आणि वेळापत्रकाची सुरुवात केंद्रात व्हायची नाही, बसस्टँडवर व्हायची. वही घेऊन दोन सकाळी, दोन दुपारी ती स्टँडवर उभी राहायची. फलकावर लिहिलेल्या वेळा ती उतरवून घ्यायची नाही. गाडी खरी कधी सुटते ते लिहायची. बायकांना सरकारी बस फुकट झाल्यापासून केंद्रात खेड्यातल्या मुली वाढल्या होत्या. ज्यांच्या आया दिवसभर विड्या वळतात, ज्यांच्या घरातलं कुणी दहावीपुढं गेलं नाही, अशा मुली एम. कॉम. करायला येत होत्या. पण फुकट गाडी म्हणजे ठरलेली गाडी. ती चुकली की दुसरी थेट रात्रीची. साडेनऊपर्यंत सगळ्या गाड्या येऊन पोचतात आणि दुपारी दोन-चाळीसला बहुतेक वाड्यांची परतीची गाडी असते. म्हणून वर्ग दहा ते दोन. बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून त्या दिवशी तास कमी.

हे सगळं ती घरी सोप्यात मोठ्या पुठ्ठ्यावर मांडायची. खोल्यांचे चौकोन आखायचे आणि त्यात टिकल्या चिकटवायच्या. लाल टिकली वाणिज्य, हिरवी इतिहास, काळी संख्याशास्त्र. टिकली उचलून दुसरीकडं चिकटवता येते, खाडाखोड नको. कासारणीनं एकदा मंगलला विचारलंही, "वैनी, टिकल्यांची चार डझन पाकिटं? घरात लग्न काढलंय काय?"

चार वर्षं ते वेळापत्रक बिनबोभाट चाललं. एवढं चांगलं चाललं, की ते कुणी तरी बनवतं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

यंदा दोन नवे अभ्यासक्रम आले आणि दहा ते दोन या वेळेत खोल्या कमी पडल्या. दीप्तीनं केंद्रप्रमुख नागेंद्र सरांना लिहून दिलं: केंद्रात बावीस खोल्या आहेत, त्यातल्या सात कायम कुलूपबंद असतात, त्या उघडा, सगळे वर्ग दोनच्या आत बसतील.

घरी तिनं त्या खोल्यांच्या गोष्टी सांगितल्या तेव्हा मंगल पोट धरून हसली होती. एका खोलीत मोडकी टेबलं. एकीत स्नेहसंमेलनातला थर्माकोलचा किल्ला. एक खोली कुठल्याशा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ठेवायला सील केलेली; प्रश्नपत्रिका जाऊन दोन वर्षं झाली, सील मात्र तसंच. एका विभागप्रमुखांना दुपारी आडवं व्हायला एक. आणखी दोन अशाच. प्रत्येक विभागाचं स्वतःचं कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात.

मंगलला यात नवल वाटलं नाही. सासर तंबाखूच्या व्यापारातलं. हंगाम संपून वखार रिकामी झाली तरी व्यापारी कुलूप काढत नाही, हे तिला ठाऊक होतं. काढलं की शेजारचा माल आणून टाकतो, आणि मग त्याला उठवता उठवता जन्म जातो. पण वखारीत तंबाखू असते. केंद्रात पोरी होत्या.

नागेंद्र सरांनी कुलपांना हात लावला नाही. सात कुलपवाल्यांशी वैर कोण घेणार? त्यांनी बेंगळूरहून एक कंपनी बोलावली. कंपनीच्या पोरांनी लॅपटॉपवर हिशेब केला: इमारत नऊ ते सहा उघडी, बावीस खोल्या, आणि वापर फक्त अठ्ठावीस टक्के. काय ही उधळपट्टी! मग त्यांच्या संगणकानं नवे-जुने वर्ग उचलून दुपारी अडीच ते साडेपाचमध्ये पसरले. वापर झाला पंचेचाळीस टक्के. विद्यापीठानं नागेंद्र सरांना कौतुकाचं पत्र दिलं.

त्या संगणकाला निपाणीचं बसस्टँड कुठं माहीत असणार? आणि खोलीत कुणी बसलंय का, हे त्यानं मोजलंच नव्हतं. वेळापत्रकात वर्गाचं नाव आहे ना, मग खोली भरली! म्हणून दीप्ती रोज संध्याकाळी स्वतः फिरून डोकी मोजायची. एम. कॉम.च्या वर्गात नावं चाळीस, साडेचारला डोकी नऊ. इतिहासात एकतीसपैकी सहा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, याचा पगार नव्हता. तेवढ्यासाठी पोरगी उपाशी झोपत होती.

आणि जे व्हायचं ते झालं. चौदा मुलींची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेली. परीक्षेला बसता येणार नाही, असा फलक लागला. मुलींनी थेट विद्यापीठाला अर्ज केला: सकाळी खोल्यांना कुलूप लावून ठेवतात आणि आम्हाला संध्याकाळी बोलावतात. विद्यापीठानं खुलासा मागितला. खुलासा केंद्रात टाईप होऊन तयार झाला, एकाच ओळीचा: दहा ते दोन या वेळेत केंद्रात एकही खोली उपलब्ध नव्हती. खाली सहीची जागा. नाव दीप्तीचं, कारण खोल्यांचं वाटप तिच्याकडं. वेळापत्रक कंपनीचं, कौतुक सरांचं आणि सही पोरीची!

सही केली तर चौदा मुलींचा अर्ज खोटा ठरणार, त्यांचं वर्ष गेलं. नाही केली तर या महिनाअखेरीला दीप्तीचा कागद संपतोय, नवा निघणार नाही. मुदत शुक्रवार दुपारची.

बुधवारी सकाळी भुजबली अण्णांचा निरोप आला. अण्णा म्हणजे मंगलचे थोरले दीर. केंद्राच्या स्थानिक समितीवर होते, आणि दीप्तीला तिथं चिकटवली तीही त्यांच्याच शब्दावर. अण्णा मंगलशी थेट बोलत नसत. तीही त्यांच्याशी बोलत नसे. एकतीस वर्षांत नाही. ते धाकट्या भावाला फोन करायचे आणि दीप्तीचे बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचे.

"अण्णा म्हणत्यात, पोरीला सांग, उगंच ताणू नको. सही कर म्हणावं. एक ओळ तर हाय."

मंगलनं सांगितलं. आता ते आठवलं की तिला लाज वाटत होती, पण सांगितलं खरं. भीतीच तशी होती. नोकरी गेली तर, लग्न ठरायच्या वेळेला 'कामावरून काढली' असं नाव झालं तर.

"कर की गं सही. तू काय मुद्दाम केलंयस? नशीब म्हणायचं त्या पोरींचं."

दीप्ती चप्पल घालत होती. तिनं वर बघितलं. "सहा कुलपांबद्दल मी तुला सांगितलं आई. सातवं कुणाचं, विचारलं न्हाईस तू कधी."

"कुणाचं?"

"जाऊ दे." ती गाडीला किक मारून निघून गेली.

गुरुवारी मंगलनं ठरवलं, आज पोरगी जेवल्याशिवाय सूर्य मावळू द्यायचा नाही. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा डबा भरून ती रिक्षा करून माळावर गेली. पाच वाजले होते. फाटकाशी शिपाई यल्लाप्पा स्टुलावर बसला होता.

"या आक्का. मॅडम वर हाईत, पोरं मोजायला गेल्यात." मग हसून म्हणाला, "मोजायला काय लागतंय म्हना. माझ्या हाताची बोटं बी पुरतील."

"मी बसते कुठंतरी तवर. एखादी मोकळी खोली आहे का?"

"मोकळ्या लई हाईत. उघड्या न्हाईत." त्यानं कमरेचा जुडगा वाजवून दाखवला. "एवढ्या किल्ल्या घिऊन फिरतोय, पर ज्या कुलपाला लावाव्या ती माझ्याकडं न्हाईत."

तळमजल्याच्या व्हरांड्यात, मोठ्या दाराच्या पायऱ्यांवर सात-आठ मुली दप्तरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मंगल त्यांच्या शेजारी टेकली. एक सावळी, तरतरीत मुलगी सरकून जागा देत म्हणाली, "बसा मावशी. कुणाच्या आई तुम्ही?"

"आलेय एकीला डबा द्यायला." मंगलनं नाव सांगितलं नाही. "तुमचं नाव काय? तास नाही का?"

"मी ऋतिका. एम. कॉम. तास झाला की. आता गाडीची वाट बघायची."

"गाडी कधी?"

"दोन-चाळीसची गेली. आता साडेसातची वस्तीची गाडी." वस्तीची गाडी म्हणजे जी रात्री शेवटच्या गावात मुक्कामाला राहते ती, मंगलला ठाऊक होतं. "घरी पोचायला नऊ वाजत्यात. म्हणून मी एक दिवस हजेरी लावते, एक दिवस घरी जाते. रोज नऊला गेले तर आप्पा म्हणतोय, बास झालं शिक्षण, आयेबरोबर विड्या वळ. रोज दोन-चाळीसला गेले तर हे म्हणत्यात हजेरी न्हाय. दोघांस्नी निम्मं निम्मं खूश ठेवलंय."

दुसरी म्हणाली, "आणि दोघं बी नाराज हाईत."

सगळ्या हसल्या. मंगलला हसू आलं नाही. "मग इथं पायरीवर का बसता? आत खोली दिसतेय एवढी मोठी."

ऋतिकानं मागं न बघताच अंगठ्यानं दाराकडं खूण केली. "ती व्हय? ती नेमगोंडा आजोबांची खोली. नव्वद बाकांची. पंखे हाईत, लाईट हाईत, बाकांवरचं प्लास्टिक सुद्धा काढलेलं न्हाय. आजोबांना आमची लई काळजी. आत घेत न्हाईत, घाण व्हईल म्हणून."

"वर्षातनं एकदा उघडते," तिसरी म्हणाली. "घरची माणसं येत्यात, हार घालत्यात, शिरा वाटत्यात, कुलूप लावून जात्यात. शिरा मात्र बरा असतोय हां."

मंगलनं मान वर केली. दाराशेजारी संगमरवरी पाटी होती. खोली क्रमांक १०१. तिच्या सासऱ्यांचं नाव, आणि खाली देणगीदार म्हणून भुजबली अण्णांचं. अक्षरं तिनं सोनेरी असताना बघितली होती. पाच वर्षं दर पुण्यतिथीला ती इथं आली होती. शिरा तिनंच केला होता. आत ऊदबत्तीचा वास, चकचकीत फरशी. तिला वाटायचं, किती स्वच्छ ठेवतात, मुलांना वळण चांगलं आहे. मुलं आत येतच नाहीत, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. कॉलेज शिकलेली बाई ती; बाकांवरचं प्लास्टिक तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं!

या पोरींसमोर आपण कोण म्हणून सांगावं?

यल्लाप्पा पाणी घेऊन आला. मंगलनं हळूच विचारलं, "हिची किल्ली कुणाकडं?"

"देणगीदारांच्या घरी. मोठ्या सरांनी मागं दोनदा मागितली म्हणं. देणगीदार साहेब म्हणाले, बापाच्या नावाची खोली हाय, पोरं बाकावर कायबाय खरडत्यात, मी देणार न्हाय." त्यानं दाराच्या कडीकडं बघितलं. "ही एक उघडली असती आक्का, तर ह्या चौदा पोरींचं काय बी अडलं नसतं. एम. कॉम. अख्खं बसतंय आत, वर पन्नास जागा उरत्यात."

मग मंगलला सगळं एकदम उमगलं. अण्णांना सही कशासाठी हवी होती ते. खुलाशात सात खोल्यांची यादी गेली असती, तर तळमजल्यावरची पहिली खोली त्यांच्याच घराण्याची निघाली असती. दीप्ती घरात गप्प का होती, तेही. काकांचं कुलूप, आजोबांचं नाव. कुठल्या तोंडानं सांगणार आईला? आणि आईनं काय सांगितलं तिला? नशीब म्हण पोरींचं!

कसलं नशीब? सासऱ्यांना मंगलनं आठ वर्षं बघितलं होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. वखारीवर कामाला येणाऱ्या बायकांची पोरं उन्हात खेळायची, तर ते स्वतः पोती सरकवून त्यांना सावलीत जागा करून द्यायचे. त्या माणसाच्या नावानं दार लावून त्याच बायकांच्या नातींना पायरीवर बसवायचं, आणि याला आठवण म्हणायचं? पाटीवर नाव कोरायला लाजले नाहीत, बाकावर एखाद्या पोरानं नाव खरडलं तर यांचा बाप बाटतो! आणि ते साहेब, ती कंपनी, ते टक्के. रिकाम्या खोलीला भरलेली म्हणायचं, बंद खोलीला भरलेली म्हणायचं, आणि जी पोरगी खरी डोकी मोजते तिच्याकडून लिहून घ्यायचं की जागाच नव्हती!

दीप्ती खाली आली तेव्हा सव्वासहा झाले होते. माळावर उजेड नव्हता. डब्याकडं बघून ती म्हणाली, "उशीर झाला, आई."

"झाला खरा," मंगल म्हणाली. तिला वेगळंच काही म्हणायचं होतं. "चल घरी."

"मॅडम, उद्या सही करणार तुम्ही?" पायरीवरून ऋतिकानं विचारलं. हसण्यावारी नेल्यासारखं विचारलं, पण बाकीच्या मुली बोलायच्या थांबल्या.

दीप्ती पायऱ्या उतरून गाडीकडं चालू लागली. मंगलकडं बघितलंही नाही. गाडीवर मागं बसल्यावर मंगलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर हाताला नुसतं हाड लागलं.

घरी आल्यावर दीप्ती तोंड धुवायला गेली. तिचे बाबा सोप्यात पेपर वाचत बसले होते. मंगल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, १०१ नंबरची खोली बंद असते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी पेपर खाली केला. मग म्हणाले, "अण्णांचा निर्णय हाय तो. त्यांनी बांधली."

"पैसे वाटणीतले होते. निम्मे आपले होते."

"अगं, आता ते काढून काय..."

"मी पैसे मागत नाही. किल्ली मागतेय. उद्या दहाला १०१ उघडायची. आणि दीप्ती सात खोल्यांची यादी लिहून देणार आहे, पहिला नंबर १०१. त्याच्यापुढं 'उघडली' असं लिहायचं का 'घरच्यांनी बंद ठेवली' असं लिहायचं, ते अण्णांनी ठरवावं. हजेरीचं काय ते विद्यापीठानं बघावं, पण खोटं आपल्या घरातनं जाणार नाही."

"नोकरी जाईल पोरीची."

"जाऊ दे. अकरा महिन्यांची नोकरी. घरात आहेत दोन भाकऱ्या, आणि त्या तिला वेळेवर मिळतील."

मोरीचं दार वाजलं. दीप्ती टॉवेल हातात धरून तिथंच उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, ती पुसत नव्हती.

"मी बोलतो अण्णांशी," बाबा चाचरत म्हणाले. "सकाळी. बेतानं. तू मध्ये पडू नको, बरं दिसत न्हाय ते."

मंगलनं टेबलावरचा स्वतःचा फोन उचलला. एकतीस वर्षांत अण्णांचा नंबर तिला कधी लागला नव्हता. लागायची वेळच आली नव्हती.

"सकाळी नाही, आत्ता," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही, मी. नंबर सांगा."